आकडा नाचू दे गं

अगं, आधी शांत हो बघू. तुझा प्रोसेसर काही शेवटच्या घटका मोजत नाहीये. खेळताना कोपऱ्यातला क्लॉकचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा आकडा ४.४ वरून ३.९, मग ४.२, मधेच एकदम २.५ असा हलतो आणि तो हलला की तुझ्या पोटात गोळा येतो, हे समजलं मला. तू पाठवलेले स्क्रीनशॉट एकेक करून पाहिलेत. त्या आकड्यासाठी बाबांकडे नव्या प्रोसेसरचा विषय काढू नकोस. आणि कुठलासा व्हिडिओ बघून बायोसमधले सी-स्टेट्स, स्पीडस्टेप असलं वीज वाचवणारं सगळं बंद करायला तर मुळीच जाऊ नकोस.

तुझ्या आय५ १२४००एफचे कंपनीने दिलेले वेग दोन आहेत. मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि टर्बो ४.४. यातला ४.४ हा एकदोन कोअरवरच भार असतानाचा. सहाही कोअर एकदम कामाला लागले की तो ४ च्या आसपास येतो, आणि तसाच यायला हवा. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज खर्च होते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने. म्हणून वरचे दोनतीनशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात आणि गरज नसली की चिप ते सोडून देते. इंटेलने २०१५ मध्ये स्कायलेक पिढीपासून वेग कधी बदलायचा याचा निर्णय बराचसा विंडोजकडून काढून चिपकडेच दिला. तेव्हापासून हे बदल काही मिलिसेकंदांत उरकतात. तुझं एचडब्ल्यूइन्फो मात्र दर दोन सेकंदांनी एकदा डोकावतं. मधल्या वेळात वेग कितीदा चढला-उतरला ते तुला दिसतच नाही. हाती लागतो तो त्या एका क्षणाचा आकडा, आणि त्यावरून आजार ठरवायचा नसतो.

खेळात नेमकं काय चालतं ते बघ. तू ६० एफपीएसची मर्यादा घातलीयस, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद आले. प्रोसेसरने आपलं काम सहा-सात मिलिसेकंदांत उरकलं तर उरलेला वेळ तो खो-खोत चौकोनात बसलेल्या गड्यासारखा असतो. खो मिळाला की उसळून उठायचं, तोवर बसून राहायचं. अशा वेळी क्लॉक खाली दिसला तर ते चांगलंच. सायबरपंकसारख्या जड खेळात ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर असतं, तेव्हाही प्रोसेसर कार्डाची वाट बघत थांबलेला असतो. तिथे त्याला जबरदस्तीने ४.४ वर उभं केलंस तरी एक फ्रेम वाढणार नाही, खोली तेवढी तापेल.

मग बघायचं काय? फ्रेमटाइम, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेला वेळ. आफ्टरबर्नरसोबत रिव्हाट्यूनर येतं, त्यात फ्रेमटाइमची रेघ पडद्यावर घेता येते. ती रेघ सपाट असेल तर क्लॉक वाटेल तसा नाचू दे. तुला जिथे खेळ अडखळल्यासारखा वाटतो, तिथेच रेघ टोकासारखी वर उडते का, आणि त्याच क्षणी तापमान व क्लॉक किती होते, हे तिन्ही एकत्र बघ. एचडब्ल्यूइन्फोत नोंद फाइलमध्ये साठवायची सोय आहे. अर्धा तास खेळताना ती चालू ठेव. थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत एकदा जरी ‘येस’ आलं, तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

आणि खरं सांगू, मला तुझ्याबाबतीत संशय आहे तो उन्हाचाच. नागपूरचा मे महिना, वरच्या मजल्यावरची खोली, आणि कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेलं. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच जास्त तापतो. पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतलीच हवा फेकतो ना. तुझ्या चिपची हद्द १०० अंश आहे. तिथे पोचली की ती स्वतःला वाचवायला वेग पाडते, आणि तेव्हा भार असतानाही ४ वरून थेट अडीच-तीनवर घसरण होऊ शकते. खेळ सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सगळं छान आणि मग अडखळणं सुरू, असं होत असेल तर कारण बहुतेक हेच.

कंपनीचा जो गोल पंखा सोबत आला, तो चार प्लास्टिकच्या पायांवर बसतो. त्यातला एखादा पाय नीट ‘टक’ करून बसलेला नसला की हीटसिंक एका बाजूने किंचित उचललेला राहतो, आणि चिप मिनिटभरात नव्वदीपार जाते. आधी हे तपास. पीसी बंद कर, मागचा प्लग काढ, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलेली वीज जाऊ दे. पंख्याची पाती बोटाने धरून मगच धूळ उडव, पाती गरगरू देऊ नकोस. हीटसिंक काढलास तर जुनी पेस्ट पूर्ण पुसून वाटाण्याएवढी नवी लाव, आणि पाय समोरासमोरचे जोडीने दाब, तिरप्या क्रमाने. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नकोस. त्या हवेत ओल असते, कधी बारीक थेंबही, आणि मदरबोर्डला ते चालत नाही.

चिप साठ-पासष्ट अंशांवर निवांत असूनही क्लॉक एकदम ८०० मेगाहर्ट्झला पडत असेल, तर दोष वेगळा. स्वस्त मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकच नसतो. तो तापला की बोर्ड प्रोसेसरला आवर घालतो. तिथे हवा खेळती ठेवणं हाच उपाय.

बाकी बारीकसारीक: विंडोजचा पॉवर प्लॅन चुकून ‘पॉवर सेव्हर’वर नाही ना, ते बघ, ‘बॅलन्स्ड’ पुरेसा आहे. नवा खेळ पहिल्यांदा चालवताना शेडर तयार होत असतात, तेव्हा तो अडखळतोच, त्यात क्लॉकचा काही संबंध नाही. आणि मला सर्वात जास्त खटकतंय ते हे की तुझ्याकडे रॅमची एकच ८ जीबीची पट्टी आहे. एका पट्टीवर प्रोसेसरला मेमरीशी बोलायला एकच मार्ग मिळतो. तशीच दुसरी पट्टी जोड, बायोसमध्ये एक्सएमपी चालू कर. व्हॅलोरंटसारख्या खेळात याने जो फरक पडेल तो क्लॉकच्या मागे लागून कधीच पडणार नाही. खर्च करायचाच असेल तर इथे कर.

जाता जाता, तुझ्या मैत्रिणीकडे आय९ आहे ना, तो तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा असेल तर तिला आजच सांग की बायोस अपडेट कर. जास्त व्होल्टेजमुळे त्या पिढ्यांतल्या चिप खराब होत होत्या, म्हणून इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तुझ्या बाराव्या पिढीला तो त्रास नाही. आणि कोणी रायझन ७०००वाला ९५ अंश बघून घाबरला असेल, तर पूर्ण भाराखाली तिथपर्यंत जाणं एएमडीने ठरवूनच ठेवलंय, हेही सांग त्याला.

नाचणाऱ्या आकड्याकडे बघत बसण्यात तुझा खेळ बिघडतो, मूड जातो आणि रात्रीची झोपही. कोपऱ्यातला क्लॉक काढून टाक, फ्रेमटाइमची रेघ आणि तापमान एवढंच ठेव. साफसफाई झाली की अर्ध्या तासाची नोंद मला पाठव. ती बघेपर्यंत एक्सएमपी सोडून बायोसमधल्या कशालाही हात लावू नकोस आणि बाबांसमोर प्रोसेसरचं नाव काढू नकोस.