लंडन येथील ग्रँट प्राणिशास्त्र-संग्रहालय

प्राणिसंग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पिंजऱ्यांत येरझारा घालणारा वाघ आणि शेंगांसाठीं हात पसरणारीं माकडें उभीं राहतात. परंतु ज्या संग्रहालयाची माहिती आम्ही येथें देणार आहों, तेथें एकही प्राणी जिवंत नाहीं. तेथें आहेत सांगाडे, कवट्या, मद्यार्कांत बुडवून ठेवलेलीं शरीरें आणि काचेच्या पट्ट्यांवर बसविलेले सूक्ष्म जीव. असल्या निर्जीव वस्तूंपासून काय शिकावयाचें, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें उत्तर ह्या संग्रहालयाच्या इतिहासांतच सांपडतें.

हें संग्रहालय लंडन शहरांतील युनिव्हर्सिटी कॉलेजचें असून रॉबर्ट एडमंड ग्रँट ह्यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. ग्रँट ह्यांचा जन्म १७९३ सालीं एडिंबरो येथें झाला. शिक्षणानें ते वैद्य. पण त्यांचें मन रमलें तें समुद्रकांठच्या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या जीवांत. स्पंज ही वनस्पति कीं प्राणी, हा वाद त्या काळीं चालू होता. स्पंजाच्या मोठ्या छिद्रांतून पाण्याचा प्रवाह सारखा बाहेर पडत असतो, हें ग्रँट ह्यांनीं जिवंत स्पंज पाण्यांत ठेवून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें व इतरांस दाखवून दिलें. पुढें जगप्रसिद्ध झालेला चार्लस डार्विन हा सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी असतांना त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर जीव गोळा करीत हिंडत असे.

१८२७ सालीं लंडनच्या नव्या विद्यापीठांत ग्रँट ह्यांची नेमणूक झाली. प्राणिशास्त्र व तुलनात्मक शरीररचना ह्या विषयाचे इंग्लंडांतील ते पहिलेच प्राध्यापक होत. पण तेथें येऊन पाहतात तों शिकविण्यासाठीं नमुन्यांचा संग्रहच नाहीं! तेव्हां त्यांनीं नमुने, आकृत्या आणि टिपणें जमविण्यास आरंभ केला. त्यांचें उत्पन्न मुख्यत्वें विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून असे, आणि श्रीमंती त्यांच्या वाट्यास कधींच आली नाहीं. तरीही १८७४ सालीं मृत्यु येईपर्यंत ते त्याच जागीं शिकवीत राहिले व आपला संग्रह कॉलेजच्या स्वाधीन करून गेले. राजेरजवाड्यांच्या हौसेनें किंवा धनिकांच्या देणग्यांनीं पुष्कळ संग्रहालयें उभीं राहिलीं आहेत. हें मात्र एका शिक्षकाच्या गरजेंतून जन्मास आलें.

ग्रँट ह्यांच्या मागून आलेल्या रे लँकेस्टर ह्यांनीं संग्रहांत मोठी भर घातली. एक वस्तु दुसरीशेजारीं ठेवून पाहिल्यानें काय साधतें, ह्याचें उत्तम उदाहरण त्यांच्याच कामांत आढळतें. घोड्याच्या नालासारखें कवच असलेला एक प्राणी समुद्रांत असतो. आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरही तो सांपडतो. इंग्रज लोक त्यास 'किंग क्रॅब' म्हणजे राजखेकडा म्हणत. लँकेस्टर ह्यांनीं त्याच्या अवयवांची विंचवाच्या अवयवांशीं एकेक करून तुलना केली आणि १८८१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, हा खेकडा नव्हेच. ह्याचें नातें विंचू व कोळी ह्यांच्याशीं आहे. बाहेरचें रूप निराळें आणि आंतलें नातें निराळें, हें अशा तुलनेवांचून कळत नाहीं.

पुढें लंडनांतील इतर कांहीं महाविद्यालयांचे संग्रहही येथें आले, आणि आज नमुन्यांची संख्या ६०,००० हून अधिक झाली आहे. २०११ सालीं संग्रहालय सध्यांच्या जागेंत, एका जुन्या ग्रंथालयाच्या दालनांत, आलें. तेथील एका मोठ्या बरणींत 'मोल' नांवाचे, जमिनीखालीं बिळें करून राहणारे, चिचुंद्रीएवढे अठरा प्राणी दाटीवाटीनें भरलेले आहेत. दुसरीकडे समुद्रपुष्पें व जेलीफिश ह्यांच्या काचेच्या प्रतिकृति आहेत. हे मऊ जीव मद्यार्कांत घातले कीं त्यांचा रंग उडतो व आकार बिघडतो. म्हणून ड्रेस्डेनकडील ब्लाश्का नांवाच्या पितापुत्रांनीं एकोणिसाव्या शतकांत ते हुबेहूब काचेंत घडविले. सूक्ष्म जीवांच्या दोन हजारांहून अधिक काचपट्ट्या एका लहानशा खोलीच्या भिंतींवर लावून त्यांमागें उजेड सोडला आहे. ह्याखेरीज येथें डोडो पक्ष्याचीं हाडें आहेत. टास्मानियाच्या पट्टेवाल्या लांडग्याचेंही शरीर येथें आहे. त्या जातीचा शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ सालीं होबार्टच्या प्राणिबागेंत मेला.

ह्या सर्वांत अधिक मोलाचा सांगाडा मात्र एका साध्या दिसणाऱ्या जनावराचा आहे. त्याचें नांव क्वागा. हा दक्षिण आफ्रिकेंतील प्राणी. डोकें, मान व पुढील अंग झेब्र्यासारखें पट्टेदार, आणि मागील अंग तांबूस तपकिरी. कातड्यासाठीं, आणि आपल्या मेंढ्यांचा चारा खातो म्हणून, वसाहतवाल्यांनीं त्याची बेसुमार शिकार केली. शेवटची क्वागा ॲम्स्टरडॅमच्या प्राणिबागेंत १२ ऑगस्ट १८८३ रोजीं मेली. त्या दिवशीं एक जात पृथ्वीवरून नाहींशी झाली, हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. कारण दक्षिण आफ्रिकेंत सगळ्याच झेब्र्यांस लोक 'क्वागा' म्हणत, आणि झेब्रे तर पुष्कळ उरले होते!

नांवाच्या घोटाळ्यानें त्या प्राण्याचा पाठलाग मरणानंतरही केला. ग्रँट संग्रहालयांत झेब्र्याचे म्हणून दोन सांगाडे उभे होते. १९७२ सालीं एका तज्ज्ञानें ते बारकाईनें तपासले, तेव्हां एक गाढवाचा निघाला आणि दुसरा क्वागाचा! साऱ्या जगांत क्वागाचे अवघे सात सांगाडे उरले आहेत. त्यांपैकीं एक इतकीं वर्षें दुसऱ्याच्या नांवानें उभा होता. त्याच्या हरवलेल्या एका पायाच्या जागीं आतां नवीन यंत्रानें घडविलेला कृत्रिम पाय बसविला आहे.

जपून ठेवलेल्या वस्तूचा उपयोग केव्हां होईल, हें ठेवणारास सांगतां येत नाहीं. जर्मनींतील माइन्त्स येथें जतन केलेल्या एका क्वागाच्या कातड्यास चिकटलेल्या वाळक्या मांसाच्या कणांतून १९८४ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, वेगळें करून वाचलें. नष्ट झालेल्या प्राण्याच्या बाबतींत असें प्रथमच घडत होतें. पुढील अभ्यासावरून क्वागा हा मैदानी झेब्र्याचाच एक प्रकार होता असें ठरलें. ज्यानें तें कातडें प्रथम जपलें, त्यास डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या शास्त्रशाळेंतही एक कपाट आहे. त्यांत सापाची कात, सुगरणीचें घरटें, कोंकणांतून सुट्टींत आणलेले शिंपले असें कांहीं ना कांहीं दरवर्षीं येऊन पडतें. यापुढें जी वस्तु आणाल तिच्यासोबत एक चिठ्ठी जोडा: ती कोठें सांपडली, कोणत्या तारखेस सांपडली, कोणीं आणली. नांव ठाऊक नसेल तर तेवढी जागा कोरी ठेवा. नांव मागाहून कोणीही जाणता घालील. परंतु ठिकाण आणि तारीख एकदां विसरली कीं मोठ्यांतल्या मोठ्या पंडितासही ती त्या शिंपल्यांतून काढतां येणार नाहीं.