बेण्याचा सुरण

हर्णे म्हटले की मासळी आठवते. बंदरावरचा लिलाव आठवतो, समोरचा सुवर्णदुर्ग आठवतो. पण घरामागच्या परसात सुरण, कणगर, रताळीही होतात. हे कंद कसे टिकवायचे, ते आज आपण वाचू.

थंड मुलखात लोक बटाटे, गाजरे हिमापासून जपतात. आपल्याकडे हिम नाही. आपल्याला भीती ओलीची.

दिवाळीनंतर सुरणाचे पान पिवळे पडते, आडवे होते. कंद तयार झाल्याची ही खूण. आता खणा, पण कुदळ जरा लांबून घाला. घाव लागला की तिथून बुरशी आत शिरते. एक कंद कुजला की शेजारचाही कुजतो. बेणेच असे गेले, तर पावसाच्या तोंडाला लावायचे काय? एका आळ्याला अर्धा ते एक किलोचा तुकडा लागतो. तेवढे विकत घ्यायचे म्हणजे खिशाला चाट.

म्हणून तिथेच दोन वाटे करा. घाव लागलेले कंद आधी खा. आमसूल किंवा चिंच घालून शिजवा, म्हणजे घसा खवखवत नाही. निकोप कंद बेण्याला ठेवा. ते धुऊ नका, माती हाताने झाडा. धुतलेला सुरण दिसतो छान, पण टिकत नाही.

मग काही दिवस ते सावलीत, वाऱ्यावर पसरा. आपल्या जखमेवर खपली धरते ना, तशी बारीक खरचटलेली साल भरून येते. कंद जिवंत असतो, श्वास घेतो. ढीग घातला की आतून गरम होतो, त्याला घाम सुटतो. म्हणून माळ्यावर एकेरी थर लावावा.

कणगरीची साल पातळ. ती कोरड्या वाळूत किंवा राखेत ठेवावी. वाळू जवळची म्हणून किनाऱ्यावरची आणाल, तर फसाल. तिच्यात मीठ असते, आणि मीठ हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते, ते घरात विचारा! वाळू ओढ्याची घ्या, उन्हात वाळवा, निवू द्या.

रताळी फार टिकत नाहीत. लागतील तशी काढा. मात्र जमिनीला भेगा पडल्या की सोंडकिडा आत जातो, म्हणून वेलाला मातीची भर द्या. किडके रताळे कडू होते. ते गुरांनाही घालू नका.

पंधरा दिवसांनी माळ्यावर एक फेरी मारा. मऊ लागेल तो कंद लगेच काढा. मे महिन्यात सुरणाचा डोळा फुगतो. प्रत्येक फोडीला डोळ्याचा थोडा भाग येईल असे कापा. फोडी शेणकाल्यात बुडवा, सावलीत सुकवा आणि लावा.