पाण्यामागे चाल

सानिका,

वारीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं ठरवलंस आणि वाटेवरच्या देवळांची यादीही केलीस, हे कळलं. यादी जवळ ठेव, पण तिच्यावर विसंबू नकोस. सासवडचा संगमेश्वर, फलटणचा जबरेश्वर, वेळापूरचा अर्धनारीनटेश्वर ही यादीत तीन सुटी देवळं दिसतात. गाडी काढली तर एका रविवारात उरकतील. त्यांना जोडणारं पाणी मात्र पायांनाच कळतं. माणसं, बैल, घोडे घेऊन निघालेला मेळा दिवसभर चालणार आणि पाण्याशी टेकणार. इंद्रायणी सोडली की दिवे घाटाच्या पायथ्याशी मस्तानी तलाव, घाट चढून गेल्यावर सासवडला कऱ्हा-चांबळीचा संगम आणि त्यावरच संगमेश्वर. पुढे नीरा, फलटणला बाणगंगा, शेवटी भीमा. पुरंदर काय नि माळशिरस काय, मुलूख पर्जन्यछायेचा. नीरेत ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, त्याचं मोल जेजुरी-वाल्ह्याकडून चालत आलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

वारीला नामासाठी जायचं, दगड बघत हिंडणं ही हौस झाली, असं घरात कुणीतरी म्हणेलच. आक्षेप अगदीच पोकळ नाही. दिंडीतून सारखं बाहेर पडणाऱ्याला वारी कळत नाही. पण दगड आणि भक्ती यांचं वैर कुठे आहे? पंढरपूरच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख बघ. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून लोक त्याला पाठ घासतात. वाचणारे थोडे. वाचला तर त्यात देवळासाठी कुणी काय दिलं याच्या १२७३ ते १२७७ या काळातल्या नोंदी आहेत. आजच्या पावतीपुस्तकासारख्याच म्हण ना. म्हणजे ज्या दगडाला पाठ लावायची, त्यावर आपल्याआधीच्या भक्तांचीच नावं. तसंच पालखी सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली, सोहळ्यातले घोडे अंकलीच्या शितोळे सरदारांचे आले. हे माहीत असलेल्याचा टाळ काही बेताल होत नाही.

गर्दीची अडचण खरी आहे, तिला उत्तर नाही. आषाढातल्या लाखोंच्या लोंढ्यात कोरीव काम न्याहाळत उभं राहणं म्हणजे मागच्यांची वाट अडवणं. तेव्हा आषाढात माणसं बघ: ओव्या, स्वयंपाकाच्या चुली, पाण्याच्या टँकरमागची रांग. दगडांसाठी हिवाळ्यात मैत्रिणीला घेऊन पुन्हा जा. नवा पालखी महामार्ग रुंद आहे, चालणाऱ्यांची सोय झाली, त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण जिथे तो गावाला वळसा घालतो तिथे जुना रस्ता विचारून आत शीर. गावातले आड नि बारवा महामार्गावरून दिसत नाहीत. विचारताना म्हाताऱ्या बायकांना विचार. पाणी भरायला त्याच जात होत्या.

वेळापूरला पोचलीस की देवळापाशी जे कुंड आहे त्यात पाणी किती आहे, तेवढं मला कळव.

तुझी,
आत्या