गावाबाहेर गेलेली मंडळी

पाठ : प्रेषितांची कृत्ये १८.१–४, १८–१९, २४–२६. १ करिंथ १६.१९, रोम १६.३–५.

मुख्य विचार : मंडळीचे लोक जेथे जातात तेथे मंडळी जाते. यास्तव जाणाऱ्यांस वजा करू नये. त्यांस प्रार्थनेने पाठवावे.



वर्ष सरले म्हणजे दुकानदार आपल्या वह्या तपासतो, शेतकरी कणगीत हात घालून पाहतो. पाळकानेही आपल्या मंडळीची वही उघडून देवासमोर बसावे हे उचित आहे. आम्ही यंदा तसे केले. वहीतील आकडे पाहून प्रथम मन खिन्न झाले. परंतु त्याच वहीने आमची एक जुनी चूक आमच्या पदरात घातली. ती चूक आमची एकट्याचीच असेल असे वाटत नाही. म्हणून या पाठात ती तुमच्यापुढे उघड मांडतो.

१. वर्षात काय बदलले

आमच्याकडे सोपविलेल्या मंडळ्या अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्याच्या, कोरडवाहू भागातील आहेत. दसरा-दिवाळी झाली की या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस निघतात आणि चैत्र-वैशाखात परत येतात. हे नवे नाही. यंदा नवे हे झाले की, ज्या घरातून पूर्वी एक जोडपे जाई, तेथून मुलगे-सुनाही गेल्या. शिकलेले तरुण पुणे व चाकणकडील कारखान्यांत गेले. एका गावचे जुने उपदेशक प्रभूकडे गेले. त्यांच्या जागी पगारी माणूस नेमण्याइतका पैसा मंडळीजवळ नाही. पाच गावांस एक पाळक, अशी स्थिती आहे.

एका गावी रविवारी मंदिरात चौघे वृद्ध उरले. त्यांतील एक बंधू दर रविवारी कुलूप काढतात, झाडलोट करतात, घंटा वाजवितात. आम्ही त्यांस म्हणालो, “चौघांसाठी घंटा कशाला?” ते म्हणाले, “पाळकसाहेब, घंटा चौघांसाठी नाही. गावाला कळाया पायजे की आम्ही हाये.” या उत्तरापुढे आम्हाला बोलता आले नाही.

२. वहीतील चूक

आता आमच्या वहीविषयी. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांच्या नावांपुढे आम्ही वर्षानुवर्षे “बाहेरगावी” एवढेच लिहीत आलो. वर्गणीच्या यादीत त्यांच्यापुढे “येणे बाकी” असे असे. सहा महिने ती माणसे आमच्या हिशेबी मंडळीत नव्हतीच. ती परत आली की आम्ही पुन्हा त्यांस मोजीत असू, आणि वर्गणी मागत असू.

ज्यांस या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक “कोयता” धरतात. दोघांनी ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून वाहून गाडीत भराव्या. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत टोळी सोडून येणे कठीण. राहणे उसाच्या पाचटाच्या कोपीत. आणि नाताळ येतो तो हंगामाच्या ऐन भरात. “नाताळास गावी या” असा निरोप धाडणे सोपे; पण उचल डोक्यावर असलेल्या माणसाने यावे कसे?

गेल्या पौषात आम्ही प्रथमच एका साखर कारखान्याजवळच्या तळावर गेलो. दिवस मावळला होता. आमच्याच एका मंडळीतील भगिनी चुलीपुढे बसल्या होत्या. पाणी देऊन त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा : “पाळकसाहेब, वहीत आमचं नाव हाये ना अजून?”

हा प्रश्न आम्ही जन्मभर विसरणार नाही.

मग कळले ते असे. रविवारी रात्री गाडी भरून गेली म्हणजे त्या कोपीपुढे आठ-नऊ माणसे बसतात. ती तीन निरनिराळ्या गावची आहेत. त्यांतील दोघे आमच्या मंडळीचे नव्हेत, परंतु ऐकण्यास येतात. या भगिनींस वाचता येत नाही. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा मोबाइलच्या उजेडात नव्या करारातील काही ओळी वाचतो, आणि आई आपल्या शब्दांत अर्थ सांगते. नंतर एक भजन व एक प्रार्थना. प्रार्थनेत गावच्या मंदिराचे नाव घेतले जाते. चहाच्या एका डब्यात कापणीच्या सणासाठी पैसे साठत होते. हे सर्व आमच्या वहीत “येणे बाकी” होते!

पण सत्य सांगावयाचे तर सर्वच सांगितले पाहिजे. त्याच तळावर आमच्याच गावचा एक तरुण दारूच्या नादी लागलेला आम्ही पाहिला. लहानपणी तो शब्बाथशाळेत पाठ म्हणण्यात पहिला असे. दोन वर्षांत त्यास मंडळीकडून कोणी एक फोन केला नव्हता. आम्हीही नाही. त्याने आम्हाला पाहून तोंड फिरविले. त्याच्या त्या तोंड फिरविण्यात आम्हाला आमचा दोष दिसला.

३. पवित्र शास्त्र काय शिकविते

आता पाठाकडे वळू. अक्विल्ला व त्याची बायको प्रिस्किल्ला ही दोघे तंबू करणारी. ती इटलीत राहत होती. सुमारे इ. स. ४९ मध्ये सम्राट क्लौद्य याने यहूद्यांस रोम शहर सोडण्याचा हुकूम केला, तेव्हा ती करिंथास आली. तेथे पौल त्यांच्या घरी उतरला, कारण त्याचा धंदा तोच होता. पुढे तीच दोघे समुद्र ओलांडून पौलाबरोबर इफिसास गेली. पौल तेथून पुढे निघाला. ती मागे राहिली. काही वर्षांनी पाहावे तो ती पुन्हा रोमेत आहेत, आणि पौल तेथे त्यांस सलाम सांगत आहे.

या दोघांविषयी चार गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली : ती हौसेने निघाली नाहीत. राजाच्या हुकमाने त्यांचे घर सुटले. आमच्या लोकांचे घर दुष्काळाने, कर्जाने व पोटाने सुटते. पण सुटलेले घर देवाच्या हातून सुटत नाही.

दुसरी : ती हाताने काम करणारी होती. त्यांस कोणी पगार देऊन पाठविले नव्हते. दिवसा जाड कापड शिवावे आणि मिळेल त्या वेळी वचनाची चर्चा करावी, हा त्यांचा क्रम असला पाहिजे.

तिसरी : ती जेथे गेली तेथे मंडळी त्यांच्या घरी जमली. इफिसाविषयी हे १ करिंथ १६.१९ मध्ये व रोमेविषयी रोम १६.५ मध्ये सांगितले आहे. दोन शहरे, दोन घरे, आणि दोन्ही ठिकाणी मंडळी. त्यांनी मंडळी मागे टाकली नाही, बरोबर नेली.

चौथी : अपुल्लोस हा मोठा वक्ता व शास्त्रात निपुण, तरी त्याला जे उणे होते ते या तंबू करणाऱ्या जोडप्याने त्यास जवळ घेऊन समजावून दिले. त्या ठिकाणी प्रिस्किल्लेचे नाव वगळलेले नाही. यावरून, ज्या भगिनी चुलीपुढे बसून लेकरांस प्रभूची गोष्ट सांगतात त्यांचे काम आपण हलके समजू नये. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तशीच ही दोघे मिळून एक सेवा धरीत होती.

४. आपल्या वडिलांची वाट

कोणी म्हणेल की, पूर्वी मंडळ्या गावात स्थिर होत्या, आताच सर्व विस्कटले. तसे नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे ठाणे केले. १८३३ साली तेथे मंडळी स्थापन झाली. १८५४ साली हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून मंडळीचा भार येथील माणसांच्या खांद्यावर हळूहळू येऊ लागला. पुढे १८७६–७८ चा दुष्काळ आला, मग १८९९–१९०० चा. त्या वर्षांत लोक गावे सोडून दुष्काळी कामांवर गेले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेले आजी-आजोबा आजही आपल्या मंडळ्यांत आहेत. १९४७ नंतर मिशनांची माणसे व पैसा कमी होत गेला. १९७० साली उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, आणि अनेक जुन्या मिशनांच्या मंडळ्या तीत एकत्र आल्या.

या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी म्हटले असेल की, आता खेड्यातील मंडळी टिकणार नाही. ती टिकली. पण आपोआप टिकली नाही. ज्या गावी कोणी घंटा वाजविली, कोणी लेकरांस शिकविले, कोणी दूर गेलेल्यांचे नाव घेतले, त्या गावी ती टिकली. जेथे सर्वांनी पाळकाची व पगाराची वाट पाहिली, तेथे मंदिराच्या भिंती राहिल्या आणि आत कोणी राहिले नाही. अशी गावेही आम्ही पाहिली आहेत.

५. आता काय करावे

उपदेशक बंधूंनो व पंचांनो, पुढील गोष्टींस पैसा फार लागत नाही. त्या याच हंगामापासून करता येतील.

(१) निघण्यापूर्वीच्या रविवारी जाणाऱ्या कुटुंबांस पुढे बोलवा व नावे घेऊन प्रार्थना करा. वहीत “बाहेरगावी” असे न लिहिता “अमुक ठिकाणी पाठविले” असे लिहा.

(२) प्रत्येक टोळीत एक वाचणारा व एक सांगणारा नेमा. वाचणारा लेकरू असले तरी चालेल. सांगणारी भगिनी असली तर उत्तमच.

(३) मागे राहिलेल्या वृद्धांस एकेक कुटुंब वाटून द्या. त्यांनी त्या कुटुंबासाठी रोज प्रार्थना करावी व आठवड्यातून एकदा फोन करावा. जो एकटा गेला आहे त्याचे नाव प्रथम घ्यावे.

(४) पाळकाने हंगामात एकदा तरी तळावर जावे, व तेथेच प्रभुभोजन द्यावे. लोकांस नाताळास येता येत नसेल तर नाताळाने त्यांच्याकडे जावे.

(५) उचल घेण्यापूर्वी हिशेब लिहून ठेवण्यास मंडळीतील शिकलेल्यांनी मदत करावी, आणि मुलांची शाळा सुटू नये म्हणून मास्तरांशी बोलावे. भावाच्या डोक्यावरील कर्जाकडे डोळेझाक करून त्याच्यासाठी केलेली प्रार्थना अर्धीच होय.

घरच्या सभेसाठी प्रश्न

१. अक्विल्ला व प्रिस्किल्ला कोणकोणत्या शहरी राहिली? प्रत्येक ठिकाणी त्यांनी काय केले?

२. आपल्या मंडळीतून या वर्षी कोण कोण बाहेर गेले? सर्वांची नावे न पाहता सांगता येतात काय?

३. ज्याची आपण एक वर्षात चौकशी केली नाही असा कोणी आहे काय? या आठवड्यात त्याच्याशी कोण बोलेल?

शेवटी आमच्या वहीविषयी एक शब्द. तळावरून परत आल्यावर आम्ही “येणे बाकी” हे शब्द त्या कुटुंबांच्या नावांपुढून खोडून टाकले. विचार करता असे दिसले की, बाकी होती ती आमच्याकडून त्यांस देणे. त्या तरुणास आम्ही आता दर शनिवारी फोन करतो. तो कधी उचलतो, कधी उचलीत नाही. घंटा वाजविणाऱ्या त्या वृद्ध बंधूंची आठवण करून आम्ही पुन्हा करतो.

जो उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने ओळखतो, तो पाचटाच्या कोपीतील व रिकाम्या मंदिरातील आपल्या लोकांस राखो, आणि आम्हा सर्वांस त्यांची नावे विसरू न देवो. आमेन.