जुना दारूगोळा : निकामी की अधिक घातक?



दिवाळीतला सादळलेला फटाका फुसका निघतो, म्हणून जुने स्फोटक निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्यातील अनेकांच्या घरची माणसे सैन्यात आहेत. म्हणून हा समज तपासून पाहू.

३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी व अग्निशमन दलाचे अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून झिरपलेल्या टीएनटीवर संशय घेतला गेला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच, नष्ट करण्यासाठी आणलेली जुनी स्फोटके उतरवताना स्फोट झाला व सहा जणांचा बळी गेला.

स्फोटक जुने झाले की त्यात काय बदलते? उष्णतेने टीएनटीतील अशुद्ध अंश पाझरतो. भेगा व पोकळ्या पडतात. धक्का बसताच त्या पोकळ्यांतील हवा दाबली जाऊन तापते आणि तिथूनच स्फोट सुरू होऊ शकतो. पिक्रिक आम्लाचा काही धातूंशी संयोग झाला, तर अत्यंत संवेदनशील क्षार तयार होतात. दुसऱ्या महायुद्धातील अ‍ॅमॅटॉल हे स्फोटक नॉर्वेच्या संशोधकांनी तपासले. ते अपेक्षेपेक्षा कमी आघाताने फुटते, असे त्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले.

हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. निपाणीच्या वखारीत तंबाखूचा नमुना काढून पारखतात, तसा साठ्यातून नमुना काढावा लागतो. चिमूटभर स्फोटक पोलादी ऐरणीवर ठेवून त्यावर ठरावीक वजन वेगवेगळ्या उंचीवरून सोडतात. ज्या उंचीवरून निम्म्या वेळा स्फोट होतो, ती उंची नोंदवतात. नव्या मालापेक्षा ती कमी भरली, तर धोका वाढला असे समजावे. दुसऱ्या चाचणीत शेजारी स्फोट घडवून मध्ये अडथळा ठेवतात व किती जाडीचा अडथळा धक्का थोपवतो ते पाहतात. घर्षण, ठिणगी व उष्णता यांच्या चाचण्या वेगळ्या. पुण्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा याच क्षेत्रात काम करते.

तज्ज्ञसुद्धा चाचणीशिवाय जुन्या स्फोटकावर विश्वास ठेवत नाहीत. मग आपण का ठेवावा? शेतात, नदीकाठी किंवा भंगारात गंजलेला गोळा दिसला, तर त्याला हात लावू नका, ठोकू नका, उचलून शाळेत आणू नका. मागे फिरा, इतरांना दूर ठेवा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. पालकांनीही हा नियम मुलांकडून पाठ करून घ्यावा, ही विनंती.

— मुख्याध्यापक