दहावीच्या मुलाला बदाम हवेतच का?

प्रश्न : मुलगा यंदा दहावीला आहे. बुद्धीसाठी रोज भिजवलेले बदाम द्यायलाच हवेत का? शेंगदाण्यांवर भागेल का? – एक पालक, पंचवटी, नाशिक

उत्तर : शेंगदाण्यांवर नक्की भागेल. बदामाने स्मरणशक्ती वाढते, याला ठोस पुरावा नाही. बदामाचा खरा फायदा हृदयाला होतो. फरसाण-वेफर्स बाजूला ठेवून मूठभर बदाम खाल्ले, तर एलडीएल (वाईट) कोलेस्टेरॉल थोडे उतरते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण 30 ग्रॅम बदामांत सुमारे 170 कॅलरी असतात, त्यामुळे भरपेट जेवणावर ते खाऊन वजन वाढू शकते. भिजवल्याने बदाम मऊ होतात, पोषण फारसे वाढत नाही. साल सोलली की उलट तंतू कमी होतात. 100 ग्रॅम बदामांत सुमारे 21 ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत 25. ई जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांत बदाम सरस आहेत, हे मान्य. पण कॅल्शियम दूध-नाचणीतूनही मिळते. दाण्यांनी पित्त होते म्हणाल, तर खारे-तळलेले टाळा, घरीच भाजा आणि मूठभरच द्या. मात्र रविवार कारंज्याच्या बाजारातून आणलेले दाणे ताटात पसरून निवडाच : काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा फेकून द्या. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजूनही पुरते जात नाही.