ट्रॉलीचे चाक बदलताना घ्यावयाची काळजी



ऊस कारखान्याला नेणे, शेणखत शेतात टाकणे, धान्य बाजार समितीत पोहोचविणे अशा बहुतेक कामांसाठी आता ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली वापरली जाते. मळणीयंत्र किंवा फवारणी पंप वापरताना घ्यावयाच्या काळजीबद्दल आपण वाचता व ऐकता. ट्रॉलीचे चाक बदलणे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. ते दुसऱ्याचे पाहूनच शिकले जाते आणि त्यातील चुकाही तशाच पुढे जातात.

गळीत हंगामात रस्त्याच्या कडेला जॅकवर उचललेली भरलेली ट्रॉली आणि तिच्याखाली वाकलेला माणूस हे दृश्य आपण पाहिले असेल. अशा वेळी जॅक निसटला तर बाजूला होण्यास वेळ मिळत नाही. म्हणून एक नियम पक्का लक्षात ठेवावा : जॅक हा वजन उचलण्यासाठी असतो, वजन धरून ठेवण्यासाठी नसतो. उचललेले वजन धरण्यासाठी वेगळा टेकू हवाच.

वजनाचा अंदाज

समजा, चारचाकी ट्रॉलीचे स्वतःचे वजन २ टन असून तीत १० टन ऊस भरला आहे. एकूण १२ टन वजन चार चाकांवर विभागले तर एका चाकावर सुमारे ३ टन भार येतो. जॅक चाकाच्या आतील बाजूस लावला जात असल्याने त्याच्यावर याहून थोडा जास्तच भार पडतो. माल एका बाजूला जास्त भरला असेल तर तो आणखी वाढतो.

दोनचाकी ट्रॉली लहान म्हणून निर्धास्त राहू नये. ट्रॉली व माल मिळून ६ टन वजन असेल आणि त्यापैकी १ टन ट्रॅक्टरच्या हुकावर येत असेल, तर उरलेले ५ टन दोनच चाकांवर असते. म्हणजे एका चाकावर अडीच टन. त्यामुळे मोटारीचा जॅक या कामासाठी मुळीच वापरू नये. १० टन क्षमतेचा हायड्रॉलिक जॅक जवळ ठेवावा.

जागेची निवड

उतारावर, ओल्या रानात किंवा रस्त्याच्या भरावावर चाक बदलू नये. टायर बसला असला तरी अगदी सावकाश काही अंतर पुढे नेऊन ट्रॉली सपाट व टणक जागी घ्यावी. यात टायरचे नुकसान होईल, परंतु टायर पुन्हा विकत घेता येतो. ट्रॉली रस्त्यावरून पूर्णपणे बाजूला घ्यावी. रात्री मागील बाजूस पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. नुसते दगड मांडून ठेवू नयेत. काम झाल्यावर ते तसेच राहतात आणि दुचाकीस्वारांच्या जिवावर बेततात.

जॅकखालची जमीन

जॅक निसटण्याचे मोठे कारण जमीन हे आहे. जॅकचा तळ १२ बाय १२ सें.मी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ १४४ चौ.सें.मी. भरते. त्यावर ३ टन भार आला की प्रत्येक चौ.सें.मी.वर सुमारे २१ किलो दाब पडतो. आपली काळी जमीन, विशेषतः ओलीत, एवढा दाब सहन करू शकत नाही. जॅक एका बाजूने रुततो, तिरपा होतो आणि ॲक्सलवरून सुटतो.

याच जॅकखाली ४५ बाय ४५ सें.मी. आकाराची जाड फळी ठेवली तर दाब दीड किलोपर्यंत खाली येतो. फळी किमान ७ ते ८ सें.मी. जाड, एकसंध व न चिरलेली असावी. पातळ फळी मधोमध मोडते. चिखलात फळी असूनही जॅक रुतत असेल तर तेथे काम करू नये. माल उतरवून ट्रॉली टणक जागी न्यावी.

चाक बदलण्याची पद्धत

१) ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी. दांडी व ट्रॅक्टर एका सरळ रेषेत असावेत. दोनचाकी ट्रॉली सोडली तर मागच्या वजनाने तिची दांडी एकदम वर उचलली जाऊ शकते. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल फिरता असल्याने दांडी तिरपी असेल तर ट्रॉली कलण्याचा धोका वाढतो.

२) ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा व चावी काढून घ्यावी.

३) बहुतेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतो. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून लाकडी पाचरी लावाव्यात.

४) ट्रॉलीवरील सर्व माणसांना खाली उतरवावे. ऊसतोडणीच्या टोळीतील लहान मुले सावलीसाठी ट्रॉलीखाली बसतात किंवा झोपतात. जॅक लावण्यापूर्वी वाकून खाली पाहावे आणि मुलांना दूर पाठवावे.

५) चाक जमिनीवर असतानाच सर्व नट अर्धा फेरा सैल करावेत. चाक उचलल्यावर पान्याला जोर लावला तर संपूर्ण ट्रॉली हलते.

६) जॅक फळीच्या मधोमध, ॲक्सलखाली, पाट्यांच्या जवळ उभा लावावा. हौद्याच्या पत्र्याखाली किंवा यू-बोल्टच्या टोकावर लावू नये. ॲक्सलवरील माती व ग्रीस आधी पुसून घ्यावे.

७) थोडे उचलून थांबावे. जॅक सरळ आहे का, फळी रुतत आहे का ते पाहावे. सर्व ठीक असेल तरच पुढे उचलावे. हवा भरलेले चाक बसेल इतकेच उचलावे.

८) ॲक्सलखाली लोखंडी घोडी ठेवावी. ती नसल्यास जाड लाकडी ठोकळ्यांचे थर आडवे-उभे रचावेत. विटा व दगड वापरू नयेत. ते भाराखाली अचानक फुटतात. त्यानंतर जॅक किंचित उतरवून वजन टेकूवर घ्यावे.

९) काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवावे. टेकू सुटला तरी ट्रॉली पूर्ण खाली येत नाही. चाक सरकवताना आपले हात व डोके ट्रॉलीखाली जाऊ देऊ नये.

१०) नवे चाक बसविताना नटाची निमुळती बाजू रिमकडे असावी. नट समोरासमोर या क्रमाने बेताचे आवळावेत. आडवे ठेवलेले चाक व टेकू काढून ट्रॉली खाली घ्यावी आणि मग नट पूर्ण आवळावेत. १५ ते २० कि.मी. गेल्यावर ते पुन्हा तपासावेत.

रिमबाबत विशेष सूचना

काही ट्रॉल्यांच्या रिमला लोखंडी कडे असते. असे चाक काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सर्व हवा सोडावी. कडे नीट न बसलेल्या चाकात हवा भरली तर ते गोळीसारखे उडते. असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी आणि त्यासमोर उभे राहू नये.

हे करू नये

• डंपिंग ट्रॉलीचा हौदा वर उचललेला असताना चाक बदलू नये.
• तेल गळणारा किंवा भार घेतल्यावर हळूहळू खाली बसणारा जॅक वापरू नये.
• उंची कमी पडते म्हणून जॅकच्या डोक्यावर दगड अथवा लोखंडी तुकडे रचू नयेत. जॅकखालील फळी वाढवावी.
• एकट्याने काम करू नये. दुसऱ्याने बाजूला उभे राहून जॅक व टेकूवर लक्ष ठेवावे.

दुर्दैवाने कोणी ट्रॉलीखाली सापडल्यास त्यास ओढू नये. दुसऱ्या जॅकने भार उचलून टेकू द्यावा, मगच त्यास बाहेर काढावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ट्रॉलीसोबत ठेवावयाचे साहित्य

१० टनी जॅक, एक जाड फळी, चार पाचरी, लोखंडी घोडी किंवा सहा ते आठ ठोकळे, लांब दांड्याचा पाना, विजेरी आणि परावर्तक त्रिकोण. यातील फळी, पाचरी व ठोकळे गावातील सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे करून घेता येतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच हे सर्व एका पेटीत घालून ट्रॉलीला बांधावे आणि आपल्या चालकाला वरील पद्धत रिकाम्या ट्रॉलीवर एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. टेकू लावायला पाच मिनिटे जास्त लागतात. गव्हाणीवर आपला नंबर मागे पडला तरी चालेल, परंतु टेकू लावल्याशिवाय चाकाचे नट काढू नयेत.